एकाकी प्रार्थना आणि मंडळ्यांचे ऐक्य : टिळकांची पदे व विनोबांचे मौन

मराठीतील प्रार्थनापर वाङ्मयाची चिकित्सा आजवर मुख्यत्वे भक्तिकाव्याच्या अंगाने झालेली आहे. प्रार्थना ही उच्चारावयाची संहिता आहे. ती कोणी, कोणासमवेत आणि किती जणांनी मिळून उच्चारावी याविषयी प्रत्येक धर्मसमाजाचे काही संकेत असतात व ते संकेत रचनेच्या अंगात मुरलेले असतात. ही बाजू मात्र बहुधा उपेक्षितच राहिली. ख्रिस्ती मराठी पदांच्या बाबतीत ही उपेक्षा अधिक जाणवते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ‘फुलांमुलांचे कवी’ ही पदवी देऊन आमच्या वाङ्मयेतिहासकारांनी त्यांची निसर्गकविता जवळ केली आणि त्यांचे अभंग चर्चच्या हवाली केले. चर्चने ते भक्तिभावाने गायिले, परंतु तपासले नाहीत. प्रस्तुत लेखात एकच प्रश्न विचारावयाचा आहे : एकट्या पडलेल्या माणसाची प्रार्थना आणि परस्परांपासून तुटलेल्या मंडळ्यांचे ऐक्य यांचा काही आंतरिक संबंध आहे काय, आणि असल्यास तो टिळकांच्या रचनेत कोठे दिसतो?

या प्रश्नाचा विचार करण्यास पेण-रोह्याचा मुलूख विलक्षण सोयीचा आहे. हा मुलूख म्हणजे १९८१ पर्यंतचा कुलाबा व आजचा रायगड जिल्हा. पेण व रोहे ही दोन गावे आणि रोह्यासमोरची, कुंडलिकेपलीकडील अष्टमी यांची नावे पेणकर, रोहेकर, अष्टमकर या बेने इस्राएली आडनावांत टिकून आहेत. या समाजाची सामुदायिक उपासना दहा प्रौढ पुरुषांच्या गणसंख्येवाचून होऊ शकत नाही. दहा भरले नाहीत तर तेथे जमलेले नऊ जण विधीच्या दृष्टीने नऊ एकटेच राहतात. १९४८ नंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे इस्राएलात गेली, आणि मागे राहिलेल्यांपुढे गणसंख्येचा हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा उरला नाही. याच पेण तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. सामुदायिक प्रार्थनेत शब्दांऐवजी मौन आणण्यापर्यंत त्यांचा विचार पुढे गेला. रोह्यास १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी याच्या नेमके उलट केले. त्रिकालसंध्येच्या रूपाने त्यांनी जागे होताना, जेवताना व निजताना म्हणावयाचे तेच ठरीव शब्द घरोघरच्या एकेकट्या माणसाच्या ओठी दिले. थोडे पश्चिमेस गेले की चौल-कोर्लईचा समुद्रकिनारा लागतो. तेथे १७४० पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, आणि कोर्लईच्या कॅथलिक वस्तीत पोर्तुगीजमूलक बोली आजही बोलली जाते. दहांची गणसंख्या, समूहाचे मौन, ठरीव शब्दांचा एकांत आणि आसपासच्या मराठीत वेगळ्या बोलीचे बेट, असे प्रार्थनेचे चार प्रकार एका दिवसाच्या प्रवासात भेटावेत हा योगायोग असला तरी अभ्यासकाने तो वाया जाऊ देऊ नये.

ख्रिस्ती प्रार्थनेची या संदर्भातील स्थिती चमत्कारिक आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगतो. प्रार्थना चव्हाट्यावर नको, गुप्तपणे हवी. पण लगेच तो जी प्रार्थना शिकवितो तिचे सर्वनाम अनेकवचनी आहे. दार लावलेल्या खोलीतला एकटा माणूस देवाला ‘माझ्या’ पित्या असे म्हणत नाही, तर ‘आमच्या’ असे म्हणतो. त्याच ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात दोघे-तिघे जमले तरी पुरे, असे आश्वासन आहे. म्हणजे दहांची अट तीनांवर आली, आणि दुसरीकडे एकट्याच्याही तोंडी समूहाचे सर्वनाम आले. योहानाच्या सतराव्या अध्यायातील प्रार्थनेत, जिचा आधार मंडळ्यांच्या ऐक्याची प्रत्येक चळवळ घेत आली आहे, आपल्या सर्वांनी एक व्हावे असे मागणारा येशू शिष्यांच्या देखत असूनही एकटाच बोलत आहे. त्या रात्री पुढे त्याचे सोबतीही त्याला सोडून गेले. ऐक्याची मागणी अशी एकाकीपणाच्या तोंडातून प्रथम आलेली आहे, हे विसरून ऐक्याची चर्चा केली की ती घटनासमितीची चर्चा होते.

टिळकांच्या अभंगांकडे या दृष्टीने पाहिले असता एक उलटापालट लक्षात येते. येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत एकटा माणूस ‘आम्ही’ म्हणतो, तर टिळकांच्या अभंगात पुष्कळ माणसे एकत्र बसून ‘मी’ म्हणतात. अभंगाचा हा जुनाच धर्म आहे. तुकोबांचा अभंग त्यांच्या खासगी तळमळीतून निघतो, शेवटी कवीचे नाव सांगतो, आणि तरीही शेकडो वारकरी टाळ-मृदंगावर तो आपलाच म्हणून गातात. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. या उक्तीचा अर्थ बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने केला जातो. भक्तीची कल्पना तुकारामाकडून घेतली, असा. माझ्या मते त्याहून महत्त्वाची देणगी या एकवचनी सर्वनामाची आहे. पाश्चात्त्य मिशनऱ्यांनी मराठीत आणलेल्या भाषांतरित गीतांत ‘मी’ नव्हता असे नाही, पण परक्या चालीच्या मोजमापात कोंबलेला तो ‘मी’ मराठी कानास कोणाचाच वाटत नसे. अभंगातला ‘मी’ ऐकणाऱ्याने अगोदरच शंभर वेळा उच्चारलेला होता.

या ‘मी’च्या पाठीशी कसला अनुभव होता, हे पाहिले पाहिजे. टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला ही हकीगत सर्वश्रुत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (विनोबांचा जन्म त्यानंतर सात महिन्यांनी झाला, या दोन तारखांत कार्यकारण शोधण्याचे कारण नाही, पण एका वर्षाच्या पोटात काय काय मावते ते दिसते.) बाप्तिस्म्याने टिळकांची जात गेली, आप्त गेले, आणि पत्नीही गेली. लक्ष्मीबाई १९०० साली स्वतः ख्रिस्ती झाल्या. मधल्या वर्षांतील पुष्कळ काळ पती-पत्नींची ताटातूट होती. ज्या मंडळीत टिळक आले तेथेही ते लगेच सामावले असे नाही. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, परिसरातील ख्रिस्ती समाज प्रामुख्याने महार व मांग जातींतून आलेला होता, आणि कारभार अमेरिकन मराठी मिशनच्या हाती होता. एका बाजूस सोडलेला समाज, दुसऱ्या बाजूस अद्याप आपला न झालेला समाज आणि वर वेतन देणारी परदेशी संस्था अशा तिढ्यात हा कवी उभा होता. रानात एकटे उमललेल्या फुलाशी संवाद करणारी त्यांची ‘वनवासी फूल’ ही कविता निसर्गकविता म्हणून वाचण्याचा प्रघात आहे. वरील पार्श्वभूमी ध्यानात घेतली तर तिच्यातील एकांत व लोकसंग्रह यांचा वाद अलंकारिक वाटेनासा होतो.

एकाकीपणाचे या प्रकरणातील सर्वांत विश्वसनीय साधन मात्र टिळकांचे काव्य नसून लक्ष्मीबाईंचे गद्य आहे. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. या ग्रंथातील विनोदाची प्रशंसा सर्वांनीच केली आहे. परंतु हा विनोद कोठे येतो आणि कोठे थांबतो, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ताटातुटीच्या वर्षांतील प्रकरणांत, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लहानगा मुलगा पदरी आणि आसरा आप्तांच्या घरी, अशी स्त्री पंढरपुरासारख्या क्षेत्री दिवस कंठीत आहे. ज्या विठोबाच्या भक्तीचा पूल ओलांडून नवरा पलीकडे गेला त्याच विठोबाच्या गावी बायको मागे राहिलेली आहे. एखाद्या हिशेबी कादंबरीकाराने या योगायोगाचा बाजार मांडला असता. लक्ष्मीबाई तो नुसता सांगतात आणि पुढे जातात. त्यांच्या या गद्यात प्रार्थनेचे वर्णन फार थोडे आहे. पण सोवळ्याओवळ्याचा जो पीळ त्यांच्या मनातून सुटला तो बाप्तिस्म्यापूर्वीच आणि कोणा उपदेशकाने न सांगता, स्वतःच्या विचाराने सुटला. हा प्रसंग माझ्या समजुतीप्रमाणे मराठी गद्यातील एकांतातल्या आत्मसंवादाचा एक उत्कृष्ट नमुना आहे. तेथे देवाशी बोलणे आणि स्वतःशी बोलणे यांतील भेद जवळजवळ नाहीसा होतो. आशा हा शब्द न वापरता आशेचे वर्णन करणे लक्ष्मीबाईंना साधले आहे. टिळकांना ते नेहमीच साधलेले नाही. त्यांच्या काही पदांत आशा फार लवकर येते, दुसऱ्या कडव्यातच, आणि मग पुढची कडवी केवळ तिची पुनरुक्ती करीत राहतात.

जेथे ती उशिरा येते तेथे टिळक श्रेष्ठ ठरतात. स्वतःला शिष्यपदास सर्वथा अपात्र समजणाऱ्या माणसावर गुरूने केलेल्या दयेचे त्यांचे एक पद आहे. निकोल मॅकनिकल या स्कॉटिश मिशनऱ्याने त्याचे इंग्रजी रूपांतर केले, आणि ते पुढे परदेशी मंडळ्यांच्या इंग्रजी गीतसंग्रहांतही गेले. वारकरी परंपरेतील दैन्यभाव हा त्याचा पाया आहे. आपण काही आणू शकत नाही ही कबुली शेवटपर्यंत मागे घेतलेली नाही. जे मिळाले ते त्या कबुलीच्या पोटातच मिळाले आहे. स्कॉटलंडमधील एखाद्या मंडळीने रविवारी सकाळी हे पद म्हटले तेव्हा तिने एका कोकणस्थ ब्राह्मणाच्या एकाकीपणाला आपला आवाज दिला, आणि बहुधा ते तिच्या गावीही नव्हते.

टिळकांच्या पदांतील आणखी एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. ते ख्रिस्ताला गुरू म्हणतात तसेच माता म्हणून संबोधितात. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या परंपरेत वाढलेल्यास हे सहज आहे. पण ख्रिस्ती मंडळ्यांच्या दृष्टीने ते सहज नव्हते. कॅथलिक भाविकाच्या मनातील आईची जागा मारियेने भरलेली असते. कोर्लईचे देऊळ कार्मेलच्या मातेचेच आहे. प्रॉटेस्टंटांनी मारियेची भक्ती नाकारली व ती जागा रिकामी ठेवली. टिळकांनी ती रिकामी जागा खुद्द ख्रिस्ताच्याच ठायी भरून काढली. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत याचा एक जुना दाखला आहे : चौदाव्या शतकातील नॉर्विच येथील ज्युलियन. तिनेही ख्रिस्ताला आई म्हटले, आणि ती चर्चच्या भिंतीलगतच्या कोठडीत आजन्म कोंडून घेतलेली एकांतवासिनी होती. टिळकांना ती ठाऊक असावी असे मानण्यास आधार नाही, आणि त्याची गरजही नाही. निराधार माणूस देवाला कोणते नाव देतो, याचे उत्तर दोन ठिकाणी सारखे आले इतकेच.

आता मंडळ्यांच्या ऐक्याकडे वळू. महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते. अमेरिकन काँग्रिगेशनल मिशनचे मुख्य क्षेत्र अहमदनगर, स्कॉटिश मिशनचे पुणे व कुलाब्यातील अलिबाग, चर्च मिशनरी सोसायटीचे नाशिक, अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचे कोल्हापूर व रत्नागिरी. भांडणे टाळण्यासाठी केलेल्या या वाटणीचा परिणाम असा झाला की, मराठी ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या श्रद्धेवरून न ठरता त्याच्या तालुक्यावरून ठरू लागला. जिनिव्हा, कँटरबरी किंवा बोस्टन येथील वादांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता, तरी त्या वादांच्या भिंती त्याच्या गावात उभ्या राहिल्या. अहमदनगर जिल्ह्यात तर अमेरिकन व अँग्लिकन ही दोन्ही मिशने एकाच मुलखात काम करीत होती, त्यामुळे तेथे भिंती रोजच्या रोज दिसत.

या भिंतींविरुद्ध टिळकांचा उपाय १९१७ सालचा आहे. त्यांनी मिशनचे वेतन सोडले, ख्रिस्ती संन्यासी होऊन साताऱ्यास आश्रम केला व ‘देवाचा दरबार’ ही योजना पुढे मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना स्थान होते. मंडळ्यांना परस्परांत जोडावे एवढाच हा विचार नव्हता. मंडळीची सीमारेषा कोणती, हाच प्रश्न त्याने उपस्थित केला. स्नान न झालेला भक्त दरबारात चालेल, तर मग दोन पद्धतींनी स्नान झालेले दोघे एका पंगतीस का चालू नयेत? अवघ्या दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले आणि दरबार संस्था म्हणून टिकला नाही. पंडिता रमाबाईंनी या प्रश्नावर वेगळा मार्ग काढला होता. १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन पद्धतीने बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी कोणत्याही एका पंथाचा शिक्का स्वीकारला नाही, आणि केडगावचे मुक्तिसदन पंथनिरपेक्षच राहिले. तेथे १९०५ मध्ये झालेल्या धर्मजागृतीत शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, प्रत्येक जण आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. त्या मुलींत दुष्काळातून वाचलेल्या अनाथ होत्या, विधवा होत्या. प्रत्येकीचे एकाकीपण तिच्याच शब्दांत, पण एका छताखाली. यात सर्वनामाचा तिढा सुटत नाही, तो बाजूस सारला जातो.

दरबार बुडाला, पण पदे राहिली. टिळकांची पदे अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांपुरती उरली नाहीत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती मोठ्या संख्येने आहेत, आणि हा संग्रह पंथापंथांतील सीमा ओलांडून वापरला जातो. टिळकांचे इंग्रजी चरित्र १९२३ मध्ये लिहिले ते जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूने. रूपांतरे केली ती मॅकनिकलसारख्या प्रेस्बिटेरियनाने. कवी स्वतः काँग्रिगेशनल मंडळीतला. संघटनेच्या पातळीवर हे तिघे एका प्रभुभोजनाच्या मेजाशी बसू शकले असते की नाही, याविषयी त्या काळी वाद झाला असता. एका पदावर काम करताना तो वाद आड आला नाही.

येथे भाषेविषयी थोडे सांगावेसे वाटते. मराठीत चर्चला एक शब्द नाही. प्रॉटेस्टंट ‘मंडळी’ म्हणतो, कॅथलिक ‘ख्रिस्तसभा’ म्हणतो, आणि दोघेही बोलताना ‘चर्च’ म्हणतात. उपासनेच्या परिभाषेतही असाच दुभंग आहे. टिळकांच्या अभंगांत ही परिभाषा फार कमी येते. तेथील शब्द चरण, सेवा, दया, घर, वाट असे आहेत. ज्या शब्दांवरून मंडळ्या भांडत होत्या तेच शब्द पदांतून गळून गेले. हे जाणीवपूर्वक झाले असे मी म्हणत नाही. अभंगाच्या घडणीत ते बसलेच नसते. फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात, १६१६ मध्ये, नेमकी याच्या विरुद्ध स्थिती आहे. दहा हजारांहून अधिक ओव्यांच्या त्या ग्रंथात कॅथलिक धर्मशास्त्र मराठी शब्दकळेत बसविण्याचा प्रचंड उद्योग केलेला आहे. तो ग्रंथ शांताराम बंडेलूंनी १९५६ मध्ये संपादून नागरी लिपीत दिला. तोपर्यंत बहुतेक मराठी प्रॉटेस्टंटांना तो अज्ञातच होता. मराठी ख्रिस्ती काव्याचे दोन प्रवाह अशा रीतीने तीनशे वर्षे एकमेकांना न भेटता वाहिले.

पदांच्या या यशाची एक मर्यादा मान्य केलीच पाहिजे. मराठी मंडळ्यांतील खरी फूट बिशप असावा की नसावा, बालकाला बाप्तिस्मा द्यावा की प्रौढाला, यावरून पडलेली नव्हती. ती जातीवरून होती. महार व मांग ख्रिस्ती यांच्या वस्त्या, विहिरी व सोयरिकी पुष्कळ ठिकाणी निराळ्याच राहिल्या. टिळकांनी जातिभेदाचा निषेध केला हे खरे, परंतु त्यांच्या संन्यासाची, आश्रमाची व गुरुशिष्यभावाची प्रतिमासृष्टी उच्चवर्णीय परंपरेतून आलेली होती. ज्यांना त्या परंपरेने उंबऱ्याबाहेर ठेवले त्यांना तिचे आकर्षण का वाटावे? अभंग हा छंद चोखामेळ्याचाही होता, म्हणून तो परका ठरला नाही, एवढे उत्तर देता येते; पण ते अर्धेच उत्तर आहे. मंडळ्यांच्या ऐक्यासाठी दरवर्षी १८ ते २५ जानेवारीस जगभर प्रार्थनासप्ताह पाळला जातो. १९०८ मध्ये सुरू झालेल्या या सप्ताहाच्या २०१३ सालच्या प्रार्थना भारतातील विद्यार्थी ख्रिस्ती चळवळीने तयार केल्या आणि त्यांच्या केंद्रस्थानी दलित ख्रिस्त्यांचा प्रश्न ठेवला. टिळकांनंतर शंभर वर्षांच्या आत, त्यांनी जेथे विषय सोडला तेथून तो पुढे नेल्याचे हे उदाहरण आहे.

संघटनात्मक ऐक्य २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे घडले. अँग्लिकन, १९२४ पासूनच एकत्र आलेल्या काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन मंडळ्या, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स व ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्ट अशा सहा मंडळ्यांची उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिली. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य करून ऐक्य साधले, ही धर्मशास्त्रदृष्ट्या मोठीच गोष्ट होय. पुढे मालमत्तेचे वाद न्यायालयात गेले. गुजरातेतील ब्रेदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला व त्याचा निकाल २०१३ मध्ये लागला. चाळीस वर्षे एका गीतसंग्रहातून गाणारी माणसे इमारतींच्या मालकीसाठी वकील देतात, तेव्हा गीतांची शक्ती कोठे संपते ते कळते. काव्याच्या अभ्यासकाने हे नजरेआड करू नये.

आता गागोद्याच्या विनोबांकडे. त्यांच्या ‘ख्रिस्तधर्म-सार’ या संकलनाचा मराठी समीक्षेने फारसा विचार केलेला नाही. नव्या करारातील वेचे घेऊन हे सार सिद्ध केले आहे. ‘कुराण-सार’ही त्याच सुमाराचे. विनोबांचा हेतू हृदये जोडण्याचा होता, आणि त्याविषयी कोणास शंका नसावी. पण ‘सार’ काढण्याच्या प्रक्रियेत धर्माचा कोणता भाग मागे राहतो? वचने राहतात; ज्या मंडळीने ती वचने जपली, भांडली, फुटली आणि पुन्हा जुळण्याची खटपट केली, ती मंडळी मागे पडते. मंडळ्यांचे ऐक्य हा प्रश्नच मग उरत नाही, कारण मंडळ्याच उरत नाहीत. सामुदायिक मौनाची गोष्टही अशीच. पदयात्रेतील सभांना नाना धर्मांची व भाषांची माणसे येत, आणि कोणाचेही शब्द कोणावर लादले जाऊ नयेत म्हणून विनोबांनी सर्वांस काही मिनिटे मौन धरावयास सांगितले. हा उपाय न्याय्य आहे. त्यात कोणी परका ठरत नाही. तरीही ज्याच्याजवळ आधीच स्वतःचे शब्द आहेत त्यालाच हे मौन भरता येते. ज्याचे शब्द दुःखाने वा परक्या गावाने हिरावून घेतले आहेत, त्याला मौन अधिक एकटे करते. अशा माणसाला दुसऱ्याने लिहून ठेवलेला ‘मी’ हवा असतो.

डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन धर्मशास्त्रज्ञाने १९३९ च्या आपल्या छोट्या ग्रंथात म्हटले आहे की, ज्याला एकटे राहता येत नाही त्याने समूहापासून जपावे, आणि जो समूहात नाही त्याने एकटेपणापासून जपावे. नाझींच्या तुरुंगात पडल्यावर १९४३ च्या नाताळात त्याने सोबतच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या. त्या बहुतांशी एकवचनी आहेत. वेगवेगळ्या कोठड्यांतील माणसांनी, एकमेकांचा आवाज न ऐकता, तेच ‘मी’ म्हणावयाचे होते. फ्रान्समधील लिआँचे पॉल कुतुरिए यांनी याच काळात ‘अदृश्य मठा’ची कल्पना मांडली : निरनिराळ्या पंथांची, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे ऐक्यासाठी आपापल्या जागी प्रार्थना करतात, तेवढ्याने त्यांचा एक मठ होतो. टिळकांचा दरबार या कल्पनेच्या पंचवीस वर्षे आधीचा आहे. फरक असा की, कुतुरिएंच्या मठाला भिंती नव्हत्या व गीतेही नव्हती; टिळकांच्या दरबाराला भिंती उभ्या राहिल्या नाहीत, पण गीते मिळाली.

पेण-रोह्यासारख्या ठिकाणी ख्रिस्ती वस्ती अत्यल्प आहे. धाटाव व नागोठण्याच्या कारखान्यांमुळे बाहेरगावची माणसे या भागात आली. अशा गावी एखादे कुटुंब केरळच्या सिरियन परंपरेतले, एखादे वसईचे कॅथलिक, एखादे नगरकडचे, असे कल्पिण्यास हरकत नाही. मोठ्या शहरात प्रत्येकास आपापले चर्च सापडते आणि ऐक्याचा विषय व्याख्यानापुरता राहतो. लहान गावी मात्र दोघे-तिघे जमावयाचे तर तिघेही तीन पंथांचे असण्याचाच संभव, आणि तेथे पहिला प्रश्न धर्मशास्त्राचा नसून कोणते गीत तिघांनाही पाठ आहे, हा असतो. मराठी पदांच्या प्रसाराचा अभ्यास कोणी करू इच्छील तर त्याने तो मुंबई-पुण्याच्या मोठ्या मंडळ्यांपासून आरंभू नये. अशा विरळ वस्त्यांपासून आरंभावा.

‘ख्रिस्तायना’चा उल्लेख शेवटी राहिला. ओवीबद्ध ख्रिस्तचरित्राचा हा संकल्प टिळकांनी सोडला तो सुमारे दहा अध्यायांवर. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. टिळकांच्या ओव्यांतील संस्कृतप्रचुर घाट आणि लक्ष्मीबाईंच्या ओव्यांतील घरगुती वळण यांतील अंतर पहिल्या वाचनातच जाणवते. पण लक्ष्मीबाईंनी पतीची शैली कोठे राखली, कोठे सोडली, आणि गेथशेमानेच्या बागेतील प्रार्थनेसारख्या स्थळी, जेथे सोबती निजलेले आहेत व बोलणारा एकटा आहे, त्यांची ओवी काय करते, याचा अध्यायवार अभ्यास झालेला माझ्या पाहण्यात नाही. शब्दसूची व पाठचिकित्सेसह तो कोणी हाती घ्यावा. वैधव्याची सतरा वर्षे आणि ‘स्मृतिचित्रां’चे लेखन या दोन्हींच्या शेजारी ठेवूनच तो करावा लागेल.